मायस्थेनिया, एनएमओ, एमएस: कार-टी नक्की कुठवर आलंय?

घाटवाट

नेक्सकार१९ हे नाव आता बऱ्याच जणांच्या कानावरून गेलंय. आयआयटी पवई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून उभी केलेली कार-टी उपचारपद्धती, म्हणजे रुग्णाच्याच टी पेशी (प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशी) बदलून परत द्यायच्या. ऑक्टोबर २०२३मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता, एप्रिल २०२४मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते पवईत लोकार्पण. ती आहे रक्ताच्या काही कर्करोगांसाठी. पण आमच्या मायस्थेनियाच्या गटात कुणी ना कुणी जर्मनीतली नाहीतर चीनमधली बातमी टाकतं आणि खाली प्रश्नांची रांग लागते. "म्हणजे आता मेस्टिनॉन बंद?" "खारघरला नंबर लावायचा का?" (मेस्टिनॉन ही मायस्थेनियाची रोजची गोळी; खारघरला टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक हे केंद्र आहे.) बायकोला हा आजार असल्यामुळे मी यातले मूळ शोधनिबंध जमेल तसे वाचत असतो. जे कळलंय ते एका जागी लिहून ठेवतो. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे, हे ध्यानात ठेवून वाचा.

मायस्थेनिया ग्रेव्हिसमध्ये नसेकडून येणारा निरोप स्नायूवरच्या ज्या रिसेप्टरवर उतरतो, त्याच्याविरुद्धच शरीर अँटिबॉडी तयार करतं. म्हणून संध्याकाळपर्यंत पापणी पडते, दोन-दोन दिसतं, घास गिळवत नाही. श्वासाच्या स्नायूंवर आलं की थेट आयसीयू. अंगभर पसरलेल्या मायस्थेनियात साधारण ८५ टक्के लोकांच्या रक्तात ही असिटाइलकोलिन रिसेप्टरची अँटिबॉडी सापडते. एनएमओमध्ये (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका) निशाण्यावर असतं अ‍ॅक्वापोरिन-४ हे प्रथिन, आणि मार बसतो डोळ्याच्या नसेला व मज्जारज्जूला. स्टिफ पर्सन सिंड्रोममध्ये (सेलिन डिऑनमुळे हे नाव लोकांना कळलं) बहुतेकदा जीएडी६५विरुद्धची अँटिबॉडी. आजार वेगळे, पण अँटिबॉडी बनवणारे तेच: प्रतिकारशक्तीच्या बी पेशी आणि त्यांच्यापासून होणाऱ्या प्लाझ्मा पेशी.

मग या पेशी मारायचं काम रिटुक्सिमॅब हे आधीपासूनचं औषध करतं ना? करतं, पण अर्धवट. सीडी२० ही खूण असलेल्या बी पेशी ते मारतं. रक्तातल्या जवळजवळ सगळ्या जातात, लसिकाग्रंथींत दडलेल्या बऱ्याच उरतात. शिवाय प्लाझ्मा पेशींवर सीडी२० नसतंच. हराळी वरून खुरपली आणि काशा जमिनीत राहिल्या, तसा प्रकार.

कार-टीत रुग्णाच्याच रक्तातून टी पेशी वेगळ्या काढतात. (ज्यांनी प्लाझ्मा बदलून घेतलाय त्यांना ते यंत्र साधारण ओळखीचं वाटेल.) प्रयोगशाळेत निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीने त्यांच्यात एक जनुक घालतात, की पेशीवर सीडी१९ ओळखणारा रिसेप्टर तयार होतो. अशा पेशी कोट्यवधींनी वाढवतात. रुग्णाला फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फमाइडची छोटी केमो देतात, म्हणजे येणाऱ्या पेशींना शरीरात वाव मिळतो. मग त्या शिरेतून परत सोडतात. या पेशी जिवंत असल्यामुळे आत गेल्यावर आणखी वाढतात, ग्रंथींमध्ये शिरतात आणि दिसेल ती बी पेशी मारतात. सीडी१९ ही खूण सीडी२०पेक्षा पुढच्या टप्प्यावरच्या काही पेशींवरही असते, हा आणखी एक फायदा.

स्वयंप्रतिकार आजारांत (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते ते आजार) याची खरी सुरुवात झाली जर्मनीतल्या एर्लांगनला, गेऑर्ग शेट यांच्या संधिवात विभागात. २०२१मध्ये ल्युपसची २० वर्षांची मुलगी, सगळी औषधं करून थकलेली. ती बरी झाली. फेब्रुवारी २०२४मध्ये त्यांनी १५ रुग्णांचा अहवाल दिला: ८ ल्युपसचे, ३ स्नायुदाहाचे, ४ सिस्टेमिक स्क्लेरोसिसचे. सगळ्यांची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं थांबली. मला स्वतःला यातलं सगळ्यात नवलाचं वाटलं ते पुढचं: सरासरी ११२ दिवसांनी बी पेशी परत आल्या, पण त्या कोऱ्या होत्या. जुनं वैर विसरलेल्या. आणि लहानपणी घेतलेल्या लशींच्या अँटिबॉडी बऱ्याचशा शाबूत राहिल्या, कारण त्या बनवणाऱ्या जुन्या प्लाझ्मा पेशींवर सीडी१९ नसतं.

मज्जासंस्थेच्या आजारांत सुरुवातीला काय दिसलं? माग्देबुर्गला मायस्थेनियाची ३३ वर्षांची बाई, २०२३. बोखुमला स्टिफ पर्सनची ६९ वर्षांची बाई, २०२४. दिवसाला ५० मीटरही चालणं होत नव्हतं, तीन महिन्यांत ६ किलोमीटरच्या वर गेली. हांबुर्गला एमएसचे (मल्टिपल स्क्लेरोसिस, यात मेंदू आणि मज्जारज्जूवर हल्ला होतो) दोन रुग्ण. चीनमध्ये वुहानला एनएमओचे १२ रुग्ण. त्यातल्या ११ जणांना पाहणीच्या काळात नवा झटका आला नाही. मात्र हा काळ म्हणजे साधारण साडेपाच महिने. तिथे वापरलेली पेशी सीडी१९ऐवजी बीसीएमए ही खूण शोधणारी होती, म्हणजे प्लाझ्मा पेशींनाही मारणारी. त्याची किंमतही दिसली: बाराही जणांच्या पांढऱ्या पेशी खूप खाली गेल्या, सात जणांना जंतुसंसर्ग झाला.

माझं मत सरळ सांगतो. ज्यांचा आजार अँटिबॉडीचा आहे, ज्यांना सगळं देऊन झालंय आणि तरी वर्षातून दोनदा व्हेंटिलेटर लागतोय, त्यांच्यासाठी हे गंभीरपणे बघण्यासारखं आहे. गोळ्यांवर नीट चाललंय त्यांच्यासाठी आज नाही. कर्करोगाच्या रुग्णापुढे दुसरी वाट नसते, म्हणून तो जी जोखीम पत्करतो ती आपण त्याच हिशेबाने पत्करायची का, हा मला यातला मुख्य प्रश्न वाटतो.

निळावंती

वाचनखूण साठवली. मी मायस्थेनियाची रुग्ण, वय ३१, थायमस ग्रंथी काढून झालीय, वायसोलोन (स्टिरॉइड) आणि अझोरान (प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी) चालू. एकच प्रश्न. ती केमो टाळता येत नाही का? केमो म्हटलं की घरचे पुढचं ऐकतच नाहीत.

घाटवाट

टाळण्याचा एक प्रयत्न नेमका मायस्थेनियातच झालाय. डेकार्टेस-०८ नावाची पेशी. तिच्यात जनुक कायमचा घालत नाहीत, एमआरएनए घालतात. रिसेप्टर काही दिवस राहतो आणि विरून जातो. म्हणून केमो नाही, पण आठवड्याला एक अशा सहा वेळा पेशी द्याव्या लागतात, त्याही बाह्यरुग्ण विभागात. १४ जणांवरचा पहिला अहवाल २०२३मध्ये आला. नंतर प्लासिबोशी (औषध नसलेल्या नकली डोसाशी) तुलना करणारी चाचणी झाली. २०२४मध्ये कंपनीने जाहीर केलेल्या आकड्यांनुसार तीन महिन्यांनी खऱ्या पेशी मिळालेल्या ७१ टक्के लोकांत ठरवलेली सुधारणा दिसली, प्लासिबोवाल्यांत २५ टक्के.

हातोडीवाला

मी न्यूरॉलॉजिस्ट आहे, नाव-गाव सांगत नाही. धागा चांगला आहे, म्हणून चार गोष्टी जोडतो.

त्या ७१पेक्षा २५कडे बघा. काहीच औषध नसलेलं ओतून चारातला एक रुग्ण बरा वाटू लागला. मायस्थेनिया मुळातच वर-खाली होणारा आजार. उन्हाळ्यात वाईट, झोप झाली की बरा. त्यात रुग्णाकडे सगळे लक्ष देतायत, दर आठवड्याला तपासतायत. आता माग्देबुर्ग, बोखुम, हांबुर्ग इथल्या रुग्णांना तुलनेचा गटच नव्हता. बोखुमच्या बाईंचं चालणं मनाच्या खेळाने सहा किलोमीटरवर जाणार नाही हे मान्य, पण सगळ्या बातम्या तितक्या ठसठशीत नसतात.

दुसरं, ताप. पेशी कामाला लागल्या की सायटोकाइनचा (दाह वाढवणाऱ्या रसायनांचा) लोंढा येतो, ताप चढतो, रक्तदाब पडतो. एर्लांगनच्या मालिकेत हे बहुतेक सौम्यच राहिलं, कारण ल्युपसमध्ये मारायच्या बी पेशी ल्युकेमियाच्या मानाने फार कमी. पण ताप हा मायस्थेनिक क्रायसिस (श्वासाचे स्नायू थकून व्हेंटिलेटर लागण्याची वेळ) आणणारा नेहमीचा संशयित आहे. पुढे जंतुसंसर्ग झाला तर प्रतिजैविकं निवडतानाही हात बांधलेले: जेंटामायसिन, अमिकासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन ही सगळी मायस्थेनियात बिघाड करू शकतात. कर्करोगाच्या वॉर्डातल्या रात्रपाळीच्या डॉक्टरला हे तोंडपाठ असेलच असं नाही. म्हणून उपचार रक्तरोग विभागात झाला तरी न्यूरॉलॉजीची टीम शेजारीच हवी.

तिसरं आपल्याकडचं. बी पेशी संपवायच्या आधी हिपॅटायटिस बी तपासावाच लागतो. दडून बसलेला विषाणू उठतो आणि यकृत जातं. टीबीचंही तसंच, आपल्या देशात ते बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही.

चौथं, निळावंतीताई, तुमच्यासाठी. सायक्लोफॉस्फमाइड बीजांडकोशावर परिणाम करू शकतं. किती, हे वय आणि डोसवर अवलंबून. कार-टीतला डोस थोडा असतो, पण मूल हवं असेल तर हा विषय पहिल्याच भेटीत निघायला हवा. आपल्याकडे तो निघत नाही. लग्न झालेल्या मुलीची सासू खोलीत बसलेली असते आणि सगळे गप्प.

निळावंती

शेवटच्या वाक्याला दंडवत. सासू नाही, माझी आई बसते. पण गप्प आम्ही दोघी.

अण्णा_मिरजकर

सगळं वाचलं. आता पैशाचं बोला की. मिरजेत राहून एवढं कळतं की औषध असणं वेगळं आणि ते परवडणं वेगळं. पुतण्याला आयव्हीआयजी (शिरेतून द्यायच्या अँटिबॉडीच्या बाटल्या) लागलं तेव्हा शेताचा तुकडा गेला. पाच दिवसांचं काम. तीन महिन्यांनी पुन्हा तेच.

घाटवाट

अण्णा, नेक्सकार१९ची किंमत सुरुवातीच्या बातम्यांत ३० ते ४० लाख अशी येत होती. अमेरिकेत कर्करोगाच्या कार-टीची नुसती पेशींची किंमत तीन-चार कोटींच्या घरात. त्या मानाने दहावा हिस्सा. पण ३० लाख म्हणजे कुणाचं तरी घर. विम्याचंही सांगतो: आरोग्य विम्यात सिद्ध न झालेले उपचार वगळणारं कलम असतं. लिंफोमासाठी मान्यता असलेलं औषध मायस्थेनियासाठी दिलं तर कंपनी नेमकं तेच कलम पुढे करणार.

मात्र उलटा हिशेबही मांडायला हवा. दर तीन महिन्यांनी आयव्हीआयजी, मध्येच आयसीयू, वर्षानुवर्षं स्टिरॉइड आणि त्यातून येणारी साखर, ठिसूळ हाडं, मोतीबिंदू. एकदाच ३० लाख आणि नंतर सात-आठ वर्षं काही नाही, असं सिद्ध झालं तर तो सौदा महाग नाही. सिद्ध व्हायचंय, तेच तर अडलंय.

कोकणकडा

तुम्हा लोकांचा धीर बघून नवल वाटतं. औषध पवईत बनतंय, रुग्ण ठाण्यात पडलाय, मधे फक्त थोडं अंतर. आणि आपण म्हणतोय थांबा, जर्मनीतले अहवाल येऊ देत. कर्करोगासाठी चालतं तर डॉक्टरने स्वतःच्या जबाबदारीवर द्यावं ना. रिटुक्सिमॅबपण मायस्थेनियासाठी मान्यता नसताना इतकी वर्षं देतातच की.

न्यूरेंबर्गकर

एर्लांगन माझ्या घरापासून लोकलने पंधरा-वीस मिनिटं, म्हणून थोडं या बाजूचं सांगतो. कोकणकडा म्हणताहेत तसंच इथे झालं. माग्देबुर्ग, बोखुम, हांबुर्ग यातलं काहीही औपचारिक चाचणीत झालेलं नव्हतं. जर्मन कायद्यात एकट्या रुग्णासाठी, इतर उपाय संपल्यावर, डॉक्टरच्या जबाबदारीवर उपचार करून बघायची वाट आहे. त्या वाटेने हे रुग्ण गेले. पण इथल्या विद्यापीठ रुग्णालयांमागे काय उभं होतं तेही बघा. एर्लांगनला तर पेशी रुग्णालयाच्या स्वतःच्या प्रयोगशाळेत तयार होतात. रक्तरोग, संधिवात, न्यूरॉलॉजी, अतिदक्षता असे सगळे विभाग एका टेबलाशी बसतात. खर्च रुग्णाच्या खिशातून नाही.

आणि एक खोच. अशा एकट्यादुकट्या उपचारांपैकी जे यशस्वी होतात त्यांचे लेख छापून येतात. जिथे काही घडलं नाही त्याचा लेख लिहायला कुणाला वेळ असतो? म्हणून नोंदणी केलेली चाचणी हवी, तिथे सगळेच मोजले जातात.

हातोडीवाला

न्यूरेंबर्गकरांना +१.

कोकणकडा, रिटुक्सिमॅब आणि कार-टी एका तागडीत घालू नका. रिटुक्सिमॅबचा परिणाम काही महिन्यांत ओसरतो. विषाणूवाहित जनुक घातलेली पेशी शरीरात राहू शकते, परत बोलावता येत नाही. जानेवारी २०२४मध्ये अमेरिकेच्या एफडीएने या प्रकारच्या कर्करोगावरच्या औषधांवर नव्याने इशारा छापायला लावला, की क्वचित टी पेशींचाच कर्करोग होऊ शकतो. प्रमाण फार कमी आहे आणि ते रुग्ण आधीच भरपूर केमो घेतलेले होते. लिंफोमाच्या रुग्णाला मी हे सांगून पुढे जाईन. ३१ वर्षांच्या, नोकरी करणाऱ्या, गोळ्यांवर सावरलेल्या रुग्णाला सांगताना माझी जीभ अडखळेल.

अवांतर: सायटोकाइनच्या लोंढ्यावर आज जे टोसिलिझुमॅब देतात, ते मुळात संधिवाताचं औषध. २०१२मध्ये फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड ही ल्युकेमियाची मुलगी कार-टीनंतर मरणाच्या दारात होती, तेव्हा कार्ल जून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते देऊन बघितलं. काही तासांत ती सावरायला लागली. स्वयंप्रतिकार आजाराच्या औषधाने तेव्हा कार-टीला वाचवलं, आता कार-टी त्या आजारांकडे येतेय.

तांबडी_माती

एमएसबद्दल कुणीच बोलेना. माझ्या मामेभावाला एमएस, आता काठी लागते. एका मोठ्या शहरातल्या केंद्राने "तुमच्याच पेशी, साइड इफेक्ट शून्य" सांगून स्टेम सेलच्या नावाखाली पैसे घेतले. पाठीच्या कण्यात इंजेक्शनं दिली. फरक काही नाही. आता तिथूनच फोन येतोय की "इम्यून सेल थेरपी"ही सुरू केलीय. हे तेच का?

हातोडीवाला

नाही. फोन उचलू नका.

आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठराविक आजारांसाठीचं मूळपेशी प्रत्यारोपण सोडून बाकी कुठलाही स्टेम सेल उपचार फक्त मंजूर चाचणीतच करता येतो. आणि चाचणीत अभ्यासासाठीच्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. "ट्रायल आहे, सात लाख भरा" असं कुणी म्हणालं की उठून निघायचं. खरी चाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत दिसते. संकेतस्थळावर आजाराचं नाव टाका: नोंदणी क्रमांक, कुठल्या शहरात, मुख्य संशोधक कोण, नैतिकता समितीची मंजुरी आहे का, सगळं उघड असतं. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाईची तरतूद २०१९च्या नियमांत आहे. संमतीपत्र मराठीत मागा. हक्क आहे तुमचा. घरी नेऊन वाचा.

आता एमएस. इथे मी मायस्थेनियापेक्षा जास्त सावध आहे. एमएसमध्ये एक ठरावीक अँटिबॉडी सापडलेली नाही. तरी बी पेशी हटवणारी औषधं झटके छान रोखतात, म्हणजे बी पेशींचा हात आहे. अडचण मेंदूच्या आत. पुढच्या टप्प्यात मेंदूच्या आवरणांत बी पेशींची वस्ती होते, आणि शिरेतून दिलेलं रिटुक्सिमॅब मेंदू-पाण्यात (मेंदूभोवतीच्या द्रवात) अगदी नगण्य पोचतं. कार-टी पेशी तिथे जाऊ शकतात. हांबुर्गच्या रुग्णांत त्या मेंदू-पाण्यात सापडल्या, आणि मेंदूवर दुष्परिणाम दिसले नाहीत. म्हणून उत्सुकता आहे. पण जी मज्जातंतूची तार तुटली ती तुटली. कुठलीही बी पेशी मारून ती जुळत नाही. तुमच्या मामेभावाची काठी यातून सुटेल अशी आशा मी देणार नाही. आजार पुढे सरकायचा थांबला तरी मोठी गोष्ट.

मायस्थेनियात हेच वेगळं आहे. तिथे रिसेप्टर पुन्हा तयार होतात. अँटिबॉडी हटली की स्नायू बऱ्यापैकी परत येतो. एनएमओ या दोन्हींच्या मधे: पुढचा झटका रोखता आला तर डोळा वाचतो, गेलेली नजर बहुधा येत नाही. म्हणून कार-टीचा विचार करायचाच तर एनएमओत तो लवकर करावा लागेल, आणि लवकरच्या टप्प्यावर जोखीम घ्यायला कुणी तयार नसतं. हा पेच कसा सुटणार मला दिसत नाही.

कोकणकडा

काठीचं पटलं. पण पेच सुटणार कसा म्हणून हात वर करायचे हे नाही पटलं. खारघरला ॲक्ट्रेकमध्ये २०२१मध्ये पहिल्या मुलाला या पेशी दिल्या, तेव्हाही लोक "आपल्याकडे नको" म्हणतच होते. अडीच वर्षांत मान्यता आली. न्यूरॉलॉजीवाल्यांनी आता त्यांच्या दारात जाऊन बसावं. मुंबईत मायस्थेनियाचे रुग्ण कमी आहेत का?

हातोडीवाला

हे मात्र बरोबर बोललात. बसायला हवं.

न्यूरेंबर्गकर

पुढचं एक पाऊलही येतंय. पेशी बाहेर काढून वाढवायच्याच नाहीत. एमआरएनए चरबीच्या सूक्ष्म थेंबांत भरून शिरेतून द्यायचं आणि टी पेशींना शरीरातच कार-टी बनवायचं. ल्युपसमध्ये चीनमध्ये माणसांवर सुरुवात झालीय. जमलं तर अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर तिथे असेल, कारण खर्चाचा मोठा भाग पेशी प्रत्येक रुग्णासाठी वेगळ्या वाढवण्यात जातो.

अण्णा_मिरजकर

तोवर पुतण्याचं काय करू तेवढं सांगा. त्याचा रिपोर्ट निगेटिव्ह आला होता पहिल्यांदा. नंतर दुसरी टेस्ट केली त्यात मस्क का काहीतरी पॉझिटिव्ह.

घाटवाट

अण्णा, मस्क हेही स्नायूवरचं एक प्रथिन, काहींत अँटिबॉडी त्याच्याविरुद्ध असते. मस्कवाल्यांसाठी तेव्हा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात असलेल्या एमी पेन यांच्या गटाने वेगळीच पेशी बनवलीय. टी पेशीवर मस्क प्रथिनाचाच तुकडा बसवायचा. मस्कविरुद्ध अँटिबॉडी बनवणारी बी पेशी त्याला चिकटायला आली की मरते, बाकीच्या बी पेशींना धक्का नाही. मला हे सगळ्यात देखणं वाटतं. पण ते छोट्या चाचणीपर्यंतच पोचलेलं आहे.

हातोडीवाला

अण्णा, देखणं राहू द्या. मस्क पॉझिटिव्ह मायस्थेनियात रिटुक्सिमॅब पुष्कळदा फार चांगलं काम करतं, असिटाइलकोलिनवाल्यांपेक्षा कितीतरी जास्त. आणि मेस्टिनॉन या प्रकारात नीट लागू पडत नाही, कधी त्रासच वाढवतं. पुतण्याला रिटुक्सिमॅब देऊन झालंय का? नसेल तर पुढच्या ओपीडीला दोन्ही रिपोर्ट घेऊन जा आणि तुमच्या न्यूरॉलॉजिस्टना एवढंच विचारा. आपल्याकडे त्याच्या बायोसिमिलर (मूळ औषधासारख्याच, स्वस्त) आवृत्त्या मिळतात, आयव्हीआयजीच्या एका फेरीपेक्षा बहुधा स्वस्त पडेल.

अण्णा_मिरजकर

नाही दिलेलं. सोमवारी ओपीडी आहे. दोन्ही रिपोर्ट काढून ठेवतो.